बोट ड्युटीवर, माणूस ट्रेनिंगला

लिफ्ट मध्येच अडकली की माणूस आधी सगळी बटणं दाबतो, मग दरवाजा बडवतो, मग आपापल्या देवाला हाक मारतो, आणि कुणाकडूनच उत्तर आलं नाही की लिफ्टमध्ये चिकटवलेल्या स्टिकरवरचा नंबर लावतो. त्या नंबरवर मी असायचे.

आमचं ऑफिस ठाण्यात खोपटला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, यावरून आम्हाला किती ऐकून घ्यावं लागलं असेल त्याची कल्पना करा. आमची कंपनी लिफ्ट बनवायची नाही. दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्ट सांभाळायची. तेलपाणी, दुरुस्ती, कुणी अडकलं तर सोडवणं. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत सोसायट्या पसरलेल्या. मी राहायला विठ्ठलवाडीला, आणि नोकरीला लागले तेव्हा लिफ्टमध्ये बसायची मलाच भीती वाटायची. आमचे मालक मोकाशी साहेब, त्यांनी मुलाखतीत विचारलं, "लिफ्टबद्दल काय माहिती आहे?" मी म्हटलं, "काही नाही, पण मी लोकांशी नीट बोलते." त्यांनी तिथल्या तिथे मला कंप्लेंट डेस्कवर बसवलं.

नीट बोलण्याची परीक्षा रोज व्हायची. डोंबिवलीच्या एक निवृत्त बाई होत्या, शाळेत मराठी शिकवायच्या. अडकल्यावर त्यांनी फोन केला आणि मी घाईत म्हटलं, "मॅडम, माणूस निघालेलाय." त्या शांतपणे म्हणाल्या, "निघालेलाय नव्हे, निघाला आहे. आणि खरंच निघाला आहे का?" माणूस पोचेपर्यंत त्यांनी माझ्या बोलण्यातल्या आणखी बऱ्याच चुका काढल्या, आणि बाहेर आल्यावर परत फोन करून सांगितलं की मुलगी हुशार आहे, सुधारेल. कल्याणच्या एका काकूंची तर निराळीच गोष्ट. त्यांना स्वतःची काहीच काळजी नव्हती. "मला सोडवा नंतर," त्या ओरडत होत्या, "आधी कुणाला तरी सांगा, चौथ्या मजल्यावर गॅसवर दूध आहे!" मी वॉचमनला फोन लावला, त्याने शेजारणीला उठवलं, दूध वाचलं. मग काकू निवांत झाल्या आणि माझ्याशी सुनेबद्दल बोलत बसल्या.

पण घाबरलेली माणसंही असायची. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लिफ्ट खाली पडणार नाही ना?" आणि मी म्हणायचे, "नाही नाही, अजिबात नाही." का नाही, ते मला माहीत नव्हतं. मला शिकवलेलं वाक्य मी म्हणायचे. समोरच्याला ते कळायचं. आवाजावरून कळतंच.

ही गोष्ट आहे ते मला कसं कळलं त्याची, आणि त्यावरून आमच्या ऑफिसात जे काही झालं त्याची. फार वर्षं झालेली नाहीत.

घोडबंदरच्या बाजूला टॉवर उभे राहायला लागले आणि आमचा धंदा बदलला. जुन्या लिफ्टचं मशीन गच्चीवरच्या खोलीत असायचं. मेकॅनिक तिथे जायचा, कान लावायचा, हात लावायचा आणि दुखणं ओळखायचा. नव्या लिफ्टना ती खोलीच नाही. मशीन वर भिंतीला लटकवलेलं, आणि सगळा कारभार सर्वात वरच्या मजल्यावरच्या एका पेटीत. पेटी उघडली की आकडे दिसतात. आकडा वाचता आला तर तुम्ही मेकॅनिक, नाही तर तुम्ही नुसते पाना घेऊन उभे. आमची बहुतेक माणसं पाना घेऊन उभी राहायला लागली.

मोकाशी साहेबांनी तोडगा काढला. डोंबिवलीला पेंडसे सर म्हणून एक निवृत्त इंजिनिअर होते, आयुष्यभर लिफ्टचंच काम केलेले. ते आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन शिकवणार. सहा वाजता, ड्युटी संपल्यावर. साहेबांनी सगळ्या मेकॅनिक-हेल्परांना बोलावलं. "कुणावर सक्ती नाही," ते म्हणाले. "ऐच्छिक आहे. ज्याला पुढे जायचंय त्याने यावं. चहा-वडा कंपनीकडून."

सगळे खूश. एकट्या विलासने हात वर केला.

विलास आमचा जुन्या लिफ्टचा राजा. मूळचा देवरूखकडचा, राहायला शहाडला. बोलायचा मोजकं, पण जे बोलेल ते सरळ. तो म्हणाला, "साहेब, ही ड्युटी धरायची काय?"

"ड्युटी कशी धरणार? शिकायचंय रे. शिकशील ते तुझंच आहे. उद्या मला सोडून गेलास तरी डोक्यातलं काही मी काढून घेणार नाही."

साहेब हे मनापासून बोलत होते. ते स्वतः हेल्पर म्हणून लागलेले. उस्तादाच्या मागे बॅटरी धरून उभे राहून, त्याचे डबे धुऊन धंदा शिकलेले. फुकट शिकायला मिळतं ही त्यांच्या मते नशिबाची गोष्ट होती.

विलासने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याची बायको अंबरनाथला पॅकिंगच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायची. मुलगी परी पाळणाघरात. तिला संध्याकाळी घरी आणायचं काम विलासचं. सहाला ऑफिसातून निघाला तरच पाळणाघर बंद व्हायच्या आत तो पोचायचा. त्याच्यापुरता ऐच्छिक या शब्दाला काही अर्थच नव्हता.

आणि मला? मला कुणी बोलावलंच नव्हतं. मी पहिल्या दिवशी जायला निघालेले, पर्स खांद्याला. आतून पेंडसे सरांचा आवाज आला, "लिफ्ट खाली का पडत नाही?" आणि माझे पाय तिथेच थांबले. हाच तर प्रश्न. मी दारातून म्हटलं, "सर, मी बसू का?"

"बसा की," सर म्हणाले. "पण वडा उरला असेल तरच, आधीच सांगतो."

वडा उरला नव्हता, कारण दत्तू होता. दत्तू आमचा हेल्पर, अंगाने दोन माणसांएवढा, आणि क्लासला तो केवळ वड्यासाठी यायचा हे त्याने कधी लपवलं नाही. "ताई, दिमाग में कुछ जाता नहीं," तो म्हणायचा, "पेट में तो जाने दो."

सरांनी फळ्यावर एक चाक काढलं. चाकावरून दोर. दोराच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. त्याला काउंटरवेट म्हणतात. बागेतला सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला हे वजन. ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं आणि गच्च भरलेल्या लिफ्टपेक्षा हलकं. म्हणजे लिफ्टमध्ये एकटी बाई असेल आणि समजा ब्रेक सुटला, तर ती खाली पडणार नाही. ती वर जाईल!

मी इतक्या जोरात "अय्या!" म्हटलं की सगळे हसले. पण मला किती लोक आठवले. त्या सगळ्यांना मी नाही नाही म्हणत होते, आणि खरंच नाहीच होतं!

त्यानंतर मी एकही क्लास चुकवला नाही. माझे मिस्टर डोंबिवलीला एका केमिकल कंपनीत होते, नुकतेच रिटायर झालेले. मी घरी जाऊन त्यांना ताटावरच शिकवायचे. डाव इकडे, वाटी तिकडे, मध्ये दोरा. एकदा सर आम्हाला एका अर्धवट टॉवरमध्ये घेऊन गेले आणि मी हेल्मेट घालून लिफ्टच्या टपावर उभी राहिले. हो, आत नाही, टपावर. हळूहळू आम्ही वर जात होतो आणि अंधारातून ते काउंटरवेट शेजारून खाली उतरलं, भारदस्त, आवाज न करता. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. पन्नाशी उलटलेली बाई, डोळ्यात पाणी, आणि दत्तू विचारतोय, "ताई, कचरा गेला काय डोळ्यात?"

मिस्टरांनी मात्र एक दिवस विचारलं, "पैसे मिळतात का याचे?"

"नाही. मी माझ्या मर्जीने जाते. मला मजा येते."

"मजा येते म्हणून पैसे नकोत?" ते म्हणाले. "अगं, मोकाशींना धंद्यात मजा येत नाही का? ते बिल पाठवायचं सोडतात का?"

मी हसले. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्यांच्या कंपनीत आग विझवायची कवायत व्हायची ती शिफ्टमध्येच. कुणी म्हणत नव्हतं की आग लागली तर तुम्हीच वाचाल, तेव्हा सुट्टीच्या दिवशी येऊन शिका.

दिवाळीनंतर साहेबांनी कामं वाटली. नवे टॉवर क्लासला येणाऱ्यांना. जुन्या इमारती बाकीच्यांना. विलासकडे दोन टॉवर होते, तेही गेले. टॉवरचा वेगळा भत्ता असायचा, तोही गेला. साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ज्याला येतं त्याच्याच हातात लिफ्ट द्यायची. पण विलास खाली टपरीवर चहा पीत होता तेव्हा मला म्हणाला, "ताई, ऐच्छिक म्हणजे काय ते मला आता कळलं. यायचं की नाही ते मी ठरवायचं. नाही आलो तर काय होणार ते साहेबांनी ठरवायचं."

"साहेबांशी बोललास का?"

"बोललेलो. म्हणतात, बाकीचे पण घरदारवालेच आहेत, ते येतात. आता काय सांगू? दुसरीकडे बोलणं चाललंय माझं. भिवंडीला गोदामांच्या मालाच्या लिफ्ट आहेत, तिथे."

मला ते लागलं. मी वर जाऊन साहेबांना म्हटलं की विलास जाईल हं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, मी काय करू? ड्युटीत क्लास ठेवला तर कंप्लेंट कोण बघणार? संध्याकाळचा जादा पगार द्यायचा तर तेवढी आपली ताकद आहे का?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. मोठ्या कंपन्या आमच्या सोसायट्या पळवत होत्या. मी जागेवर परत आले, पण पटलं नव्हतं.

आणि मग तो गुरुवार आला.

क्लास नुकताच सुरू झालेला. डेस्कचा फोन मी संध्याकाळी माझ्या मोबाईलवर घ्यायचे, संध्याकाळच्या ड्युटीवरचा मेकॅनिक असायचा त्याला निरोप द्यायला. फोन वाजला. पलीकडून एक तरुण मुलगी, दम लागलेली, आणि तिच्या मागे बायकांचा गलका.

"मॅडम, आम्ही अडकलोय. माझं डोहाळजेवण आहे आज. मला आठवा सुरू आहे."

ठाण्यातच, पोखरण रोडवरचा टॉवर. नवी लिफ्ट. तिचं नाव ऋतुजा. कार्यक्रम गच्चीलगतच्या हॉलमध्ये, आणि ती खालून नटूनथटून फुलांचे दागिने घालून वर निघालेली, सोबत सासू, आई, आत्या आणि जाऊ. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. मी ड्युटीवरच्या माणसाला फोन लावला तर तो कल्याणला खडकपाड्याला दुसऱ्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. तिथून पोखरण रोड म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत तास-दीड तास तरी.

मी क्लासमध्ये जाऊन सांगितलं. सरांनी खडू ठेवला. "चला," ते म्हणाले. "आजचा पाठ तिथे."

दोन रिक्षांत आम्ही सगळे. मी फोन कानाला लावूनच. ऋतुजा रडायला आलेली. "मॅडम, खाली पडणार नाही ना?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य नुसतं म्हटलं नाही. मी तिला सांगितलं. चाक, दोर, पलीकडचं वजन, सी-सॉ. शिवाय वेग वाढला तर रुळांना घट्ट पकडणारा चिमटा. "तुला पडायचं असेल तरी ही लिफ्ट पडू देणार नाही, बाळा. खाली बस. आईच्या खांद्याला टेक. पंखा चालू आहे ना?" पंखा चालू होता. तिचा श्वास जरा खाली बसला. मागून आत्या म्हणाली, "बाई चांगली समजावतेय गं, स्पीकरवर टाक."

आम्ही पोचलो. पेंडसे सर आणि दोघं मेकॅनिक सर्वात वरच्या मजल्यावरच्या पेटीपाशी गेले, आम्ही बाकीचे सहाव्या मजल्यावर थांबलो, दत्तूचा फोन स्पीकरवर सरांशी जोडून. वीज बंद करून, बॅटरीवर थोडा थोडा ब्रेक सोडायचा. लिफ्ट आपोआप वर किंवा खाली सरकते, जी बाजू जड तिकडे. मजल्याशी आली की दार उघडायचं. सरळ काम. मी ऋतुजाला सांगितलं, आता दिवे मंद होतील आणि हलकासा धक्का बसेल.

दिवे मंद झाले. धक्का बसला नाही.

ब्रेक परत सोडला. लिफ्ट ढिम्म. दत्तूच्या फोनवरून सरांनी विचारलं, "सुजाताताई, आत किती माणसं आहेत? आणि वजन?"

मला लगेच कळलं ते काय विचारतायत. दहा माणसांची लिफ्ट, आत पाच. सी-सॉची दोन्ही टोकं सारखी झाली असणार. मी फोनमध्ये म्हटलं, "ऋतुजा, तुम्हा सगळ्यांची वजनं सांग बघू."

आत कुजबुज. मग जाऊबाईंचा आवाज, "माझं पंचावन्न."

"काय पंचावन्न?" ही सासू. "मागच्या महिन्यात डॉक्टरकडे मी होते ना तुझ्याबरोबर! अडुसष्ट लिहा, मॅडम."

"सासूबाई, तुमचं सांगा ना मग," जाऊबाई म्हणाल्या.

"माझं साडीसकट धरायचं का?"

"आणि बासुंदीचं पातेलं?" आत्याने विचारलं.

आता ऋतुजा हसायला लागलेली. पोट धरून हसत होती. मी बेरीज करून दत्तूच्या फोनवर सरांना सांगितली. सर म्हणाले, "बरोब्बर निम्मं! अगदी काट्यावर. ही लिफ्ट हलणार नाही. कुठल्यातरी बाजूला वजन टाकायला हवं."

सगळ्यांनी एकदमच दत्तूकडे पाहिलं.

"मी?" दत्तू म्हणाला. "मी तर वडा खायला आलेलो."

"त्याचाच उपयोग आहे," सर म्हणाले.

सहाव्या मजल्याचं दार किल्लीने उघडून दत्तूला लिफ्टच्या टपावर उतरवलं. टपाला कठडा असतो, तो घट्ट धरून बसायला सांगितलं. मी आत सांगितलं, "तुमच्या डोक्यावर आमचा दत्तू बसलाय, घाबरू नका." सासूबाईंनी वर पाहून विचारलं, "पक्कं आहे ना छप्पर?" वरून दत्तू म्हणाला, "काकी, छप्पर पक्का है, मेरा भरोसा नहीं."

सरांनी ब्रेक सोडला. लिफ्ट हलली. दत्तूसकट, बासुंदीसकट, अलगद खाली. थांबली, परत सरकली, थांबली. पाचव्या मजल्याशी येऊन टेकली आणि दार उघडलं. आधी फुलांचा वास आला, मग ऋतुजा, डोक्यावरचा मुकुट तिरका झालेला, डोळ्यातलं काजळ पसरलेलं, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. जिन्यात जमलेल्या बायकांनी तिथेच गाणी सुरू केली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, पण तिने मला मिठी मारली. "तुम्हीच ना मॅडम? आवाजावरून ओळखलं."

आम्हाला कुणी जाऊ देईना. पाचव्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात खुर्च्या मांडून सगळा कार्यक्रम तिथेच झाला. आम्ही पाहुणे. बासुंदी वाढली गेली.

दत्तूच्या ताटात रक्त पडलं तेव्हा लक्षात आलं. टपावरून चढताना पत्र्याच्या कडेला त्याचं बोट चांगलंच कापलेलं, आणि त्याने रुमाल गुंडाळून वाटी उचललेली. शेजारीच दवाखाना होता, टाके घातले. साहेबांना फोन केला. ते घाबरलेच. "जास्त नाही ना लागलं? विम्याचं बघायला हवं. डॉक्टरांना सांगा, ऑन ड्युटी लागलंय. ऑन ड्युटीच म्हणा, विसरू नका."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसून मला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेढे आणले, पेंडसे सरांनाही मुद्दाम बोलावून घेतलं. सोसायटीच्या चेअरमनचा फोन आलेला, तुमची माणसं म्हणजे देवमाणसं, पुढच्या वर्षीचं काम तुम्हालाच. साहेब भाषण करायला उभे राहिले. "काल माझ्या टीमने," ते म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये असूनसुद्धा..."

"साहेब," मी म्हटलं. "एक विचारू? काल दत्तू कशावर होता?"

"म्हणजे?"

"ड्युटीवर की ट्रेनिंगला?"

"ट्रेनिंगला ना."

"आणि त्याचं बोट?"

साहेबांनी दत्तूच्या बँडेजकडे पाहिलं.

"बोट ड्युटीवर होतं, साहेब. तुम्हीच सांगितलंत. बोट ड्युटीवर आणि माणूस ट्रेनिंगला, असं कसं होईल?"

आधी पेंडसे सर हसले. मग दत्तूने बँडेजचं बोट वर करून सगळ्यांना दाखवलं, आणि ऑफिस दणाणलं. साहेबही हसले, पण लाल होऊन. हसणं ओसरल्यावर मी उरलेलं बोलले, कारण तेव्हा नाही तर कधीच नाही. म्हटलं, साहेब, तुमच्या उस्तादाने तुम्हाला शिकवलं, खरं आहे. पण तुम्ही बॅटरी धरली नसती तर त्याला दुसरा माणूस पगार देऊन ठेवावा लागला असता. मला हा क्लास इतका आवडतो की फुकटही येईन. पण मी येते म्हणून विलासने यायलाच हवं असं होत असेल, तर माझी आवड त्याच्या मुळावर येते. जे शिकल्याशिवाय टॉवर मिळत नाही ते कामच. मग ते कामाच्या वेळेत व्हायला हवं, नाही तर त्याचा पगार.

विलास भिंतीला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "साहेब, मला शिकायचंय. तेवढं लक्षात ठेवा. शिकायचं नाही असं नाही."

साहेब केबिनमध्ये गेले. पेढ्यांचा बॉक्स टेबलावरच. दुपारी त्यांनी सरांना आत बोलावलं, मग मला. "चार ते सहा," ते म्हणाले. "दोन बॅच. अर्धे क्लासमध्ये, अर्धे कामावर. तीन महिने बघू. धंदा बुडाला तर तुम्ही जबाबदार." आणि मग, "मी उस्तादाला हे कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याने पाना फेकून मारला असता."

"तुम्ही फेकला नाहीत," मी म्हटलं.

"मनात आलेलं," ते म्हणाले.

धंदा बुडाला नाही. पण सगळंच गोड झालं असंही नाही. क्लास ड्युटी झाल्यावर हजेरी आली, परीक्षा आली. वडा बंद झाला, कारण ड्युटीत कुठली कंपनी वडा देते? दत्तूने आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. "ताई, तुम्ही माझं पोट मारलं," तो म्हणाला, आणि आता यायलाच हवं म्हणून कुरकुरत शिकायला लागला. आधीची ती संध्याकाळची मोकळीक, कुणी विषय सोडून भलतंच विचारतंय, सर जुने किस्से सांगतायत, ती गेली ती गेलीच. मला अजून तिची चुटपुट आहे. सहानंतर सर बॅग आवरायला लागले की मी एखादी शंका काढायचेच, आणि त्यांची गाडी चुकायची. ते काम होतं की काय होतं, त्याचा हिशोब मी कुणाकडे मागितला नाही.

विलासने भिवंडीला नाही म्हणून कळवलं. त्याला नंतर टॉवर मिळाले, दोनाचे चार.

मला मात्र नवीन वेळापत्रकातला पहिला दिवस सगळ्यात जास्त आठवतो. यादीत माझं नाव नव्हतं. साहेबांचं म्हणणं, ताई डेस्कवर असतात, त्यांना काय गरज, आणि चार ते सहा फोन कोण घेणार? मी दुसऱ्यांसाठी भांडले होते. स्वतःसाठी तोंड उघडेना. तेव्हा विलासच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी आतल्या बायकांची वजनं कुणी काढली? ताई नसतील तर मीपण बसत नाही." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात हलवून म्हणाले, "जा. फोन मी घेतो."

आणि खरोखर घेतला. आम्ही आत बसलो, सरांनी फळा पुसला, आणि बाहेर कंपनीचे मालक माझ्या खुर्चीत बसून फोनवर बोलताना ऐकू येत होते. "हो मॅडम... नाही मॅडम... अहो मॅडम, ऐकून तर घ्या..." आम्ही सगळे मान खाली घालून हसत होतो. थोड्या वेळाने दार ढकलून ते आत डोकावले, फोनवर तळहात दाबलेला, केस विस्कटलेले.

"सुजाताताई, एक बाई विचारतायत, सोफा लिफ्टमधून जाईल का. तीन सीटचा. मी नाही म्हटलं तर चिडतायत. काय सांगू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेन खाली ठेवलं नाही.

"त्यांना जरा थांबायला सांगा, साहेब," मी म्हटलं. "मी कामात आहे."